उतरताना सावकाश : योगासनांतून टिकाऊ ताकद कशी कमवावी

योगासनांनी अंग मोकळं होतं हे सगळ्यांना पटतं. ताकद येते म्हटलं की मात्र जिममध्ये जाणारी मुलं हसतात, आणि बहुतेक वर्गांत आसनं ज्या पद्धतीनं उरकली जातात ती पाहता त्यांचं हसणं अगदीच चुकीचं नाही. भराभर बारा सूर्यनमस्कार, चार वेळा पुढे वाकणं, थोडा प्राणायाम, शवासन. घाम येतो, झोप बरी लागते, मन शांत होतं. पण वर्षभरानंतरही गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून भरलेली पिशवी उचलताना खांदा तेवढाच कुरकुरतो.

स्नायूला झेपतं त्याच्या जरासं पुढचं काम दिलं आणि नंतर सावरायला वेळ दिला, की तो बळकट होतो. ते काम लोखंडानं दिलं की स्वतःच्या शरीराच्या वजनानं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. अडचण एवढीच की आसनांत वजनाची चकती वाढवता येत नाही. म्हणून काम वाढवायचं ते जास्त वेळ थांबून, जास्त खाली जाऊन किंवा सावकाश खाली उतरून. यातला शेवटचा मार्ग सगळ्यांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा. लांबत असलेला स्नायू आखडताना पेलतो त्यापेक्षा जास्त भार पेलू शकतो. त्यामुळे ज्याला जमिनीवरून एकही दंड वर उचलता येत नाही, त्यालाही पाच आकडे मोजत खाली उतरणं बहुधा जमतं. सुरुवात तिथूनच करायची.

हा लेख चाळिशी ते सत्तरीच्या लोकांसाठी आहे. तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींत प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम द्यावं असं म्हटलंय, आणि पासष्टीपुढच्यांना तोल आणि ताकदीचा व्यायाम तीन दिवस सांगितलाय. पणजीत मिरामारला किंवा कांपालच्या बाजूनं संध्याकाळच्या फेऱ्या मारणाऱ्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण चालणं याची जागा घेत नाही. चाला, जरूर चाला. हृदयाला ते हवंच. फक्त त्यानं हात आणि पाठ बळकट होणार नाहीत, आणि मांड्यासुद्धा एका मर्यादेपलीकडे नाहीत.

आधी आजची स्थिती लिहून ठेवा

एक वही करा. मोबाईलमध्ये नको, तो हातात आला की व्यायाम संपतो. वहीत चार गोष्टी लिहा.

पहिली : गुडघ्याच्या उंचीची साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२पेक्षा कमी किंवा पुरुषाला १४पेक्षा कमी वेळा जमलं, तर पायांची ताकद वयाच्या मानानं कमी समजतात. पन्नाशीतला माणूस एवढ्यावरच अडखळला तर त्यानं मनाला लावून घेऊ नये, पण मनावर जरूर घ्यावं.

दुसरी : भिंतीजवळ एका पायावर उभं राहा. दहा सेकंद, दोन्ही बाजूंनी. तिसरी : जमिनीवर मांडी घालून बसा आणि उठा. एक हात टेकावा लागला, दोन लागले, की गुडघाही टेकवला, हे लिहा. चौथी : हात जेवणाच्या टेबलाच्या कडेवर टेकून, अंग सरळ ठेवून किती वेळ थांबता येतं ते पाहा. टेबल सरकणार नाही याची आधी खात्री करा. कंबर खाली झुकू लागली किंवा श्वास अडकला की मोजणं बंद.

पुन्हा चाचणी बारा आठवड्यांनी. अधेमधे रोज मोजत बसू नका, आकडे एका रात्रीच्या झोपेवरही हलतात.

ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, काचबिंदू आहे, हर्निया आहे, गरोदरपण आहे, हल्लीच शस्त्रक्रिया झाली आहे किंवा छातीत दुखतं, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. रक्तदाब आणि काचबिंदूवाल्यांनी सर्वांगासन, शीर्षासन यांच्या वाटेला जाऊ नये. खाली दिलेल्या क्रमात ती नाहीतच. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर पाठ गोल करून पुढे वाकणं टाळा. मणक्याच्या पुढच्या बाजूवर त्यानं दाब येतो.

श्वास आणि लक्ष

जोर लावताना श्वास रोखून धरायची सवय जवळजवळ सगळ्यांना असते. जड पाट उचलताना, स्कूटर स्टँडवर चढवताना, बद्धकोष्ठात, सगळीकडे. श्वास कोंडून जोर लावला की पोटातला आणि छातीतला दाब वाढतो आणि रक्तदाब क्षणात उसळतो. तरण्या पैलवानाला ते चालून जातं, साठीच्या माणसाला चालेलच असं नाही. नियम सोपा आहे : कष्टाच्या टप्प्यावर श्वास सोडा. खुर्चीवरून उठताना सोडा, बसताना घ्या. आसनात थांबलेले असाल तर श्वास नाकानं चालू ठेवा आणि मोजा. मी सेकंदांपेक्षा श्वास मोजायला सांगते, कारण घड्याळाकडे बघत माणूस श्वास कोंडून तीस सेकंद काढू शकतो. श्वास मोजायचे तर ते घ्यावेच लागतात.

आता लक्ष. सजगपणे व्यायाम करा, असं सगळे सांगतात आणि नेमकं कुठे लक्ष द्यायचं ते कोणी सांगत नाही. मी तीन जागा सांगते. तळपाय : वजन टाचेवर आहे, अंगठ्याच्या मुळाशी आहे की बाहेरच्या कडेला? बहुतेकांचं बाहेर असतं आणि गुडघा आत पडतो. जबडा : दात आवळलेले असतील तर खांदेही कानांकडे चढलेले असतात, जबडा सोडला की खांदे बरेचदा आपोआप खाली येतात. आणि शेवटचा श्वास : आसन सोडण्याआधीचा श्वास पहिल्यासारखाच होता का? तो तुटक झाला असेल तर तुम्ही एक श्वास उशिरा थांबलात. पुढच्या फेरीत एक कमी.

मांडी थरथरली तर घाबरू नका, कष्टानं स्नायू थरथरतोच. सांध्यात टोचलं, कळ आली, मुंग्या आल्या तर थांबा. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं, जिना उतरताना हाय-हुय होणं हे चोवीस तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतं आणि जातं. एकाच जागी, एकाच सांध्यात, आठवडाभर टिकणारं दुखणं वेगळं. ते दाखवून घ्या.

बसणं आणि उठणं

उत्कटासनाचं चित्र पाहून ते करायला जाऊ नका. खरी सुरुवात बसायच्या जागेपासून होते. जुन्या घरात राहत असाल तर बाल्कांवातला (दारापुढच्या ओसरीतला) सिमेंटचा सोपा, म्हणजे बसायचा कट्टा, उत्तम, कारण तो सरकत नाही. नसेल तर भिंतीला टेकवलेली खुर्ची.

पाय कमरेएवढ्या अंतरावर, बोटं किंचित बाहेर. हात पुढे. श्वास घेत, पाच आकडे मोजत खाली जा. शेवटच्या चार बोटांच्या अंतरात धपकन पडायचा मोह होतो. नेमकी तिथेच ताकद कमी असते, म्हणून तिथेच सगळ्यांत सावकाश. टेकलात की अंग सैल न सोडता श्वास सोडत उठा. गुडघे पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेनं जात आहेत ना, हे बघा. गुडघा बोटांच्या पुढे गेला की बिघडतो ही भीती सोडा, जिना उतरताना तो रोज जातो. तो आत कोसळू नये, एवढं सांभाळा.

आठ वेळा, दोन फेऱ्या. हे सहज झालं की खुर्ची तशीच ठेवून टेकायच्या आधी दोन बोटं वर थांबा आणि तीन श्वास घ्या. हेच तुमचं उत्कटासन. त्यापुढे बैठक खाली न्यायची : कमी उंचीचा स्टूल, मग पाट. जमिनीवर उकिडवं बसणं हा शेवटचा टप्पा. आपल्याकडच्या आया-आज्या विळीवर बसून नारळ खवत, उकिडव्या बसून भांडी घासत आयुष्यभर हे करत होत्या. ओटा उंच झाला, कमोड आला, आणि गुडघ्याची खालची अर्धी हालचाल आपण वापरेनासे झालो. जुनं सगळं परत आणायला मी सांगत नाही. पण न वापरलेली हालचाल शरीर काढून घेतं, एवढं खरं. गुडघे बदललेले असतील तर पाटाच्या पुढे जाऊ नका.

हातांवर उतरणं

चतुरंग दंडासनात (कोपरं वाकवून अंग जमिनीलगत आडवं धरायचं आसन) जितके खांदे दुखावतात तितके दुसऱ्या कुठल्या आसनात क्वचितच. कारण उघड आहे : सूर्यनमस्कारात ते मध्येच येतं आणि हात तयार नसताना लोक त्यातून खाली आदळतात. त्यामुळे त्याचा स्वतंत्र जिना करा.

भिंत ही पहिली पायरी. भिंतीपासून हातभर लांब उभे राहा, तळवे छातीच्या उंचीवर. पाच आकड्यांत कोपरं वाकवत छाती भिंतीकडे न्या, श्वास सोडत परत या. कोपरं अंगाला चिकटवूनही नकोत आणि काटकोनात फाकवूनही नकोत, दोन्हींच्या मध्ये. दहा-बारा वेळा नीट झालं की स्वयंपाकघराचा ओटा, मग सोप्याचा कट्टा, मग जमिनीवर गुडघे टेकून, मग पाय लांब करून. प्रत्येक पायरीवर भार वाढतो, कारण अंग आडवं होत जातं. जमिनीवर पोचल्यावर फक्त उतरा. वर येताना गुडघे टेका, लाज बाळगू नका. खांदा कोपराच्या पातळीखाली जाऊ द्यायचा नाही.

एका पायरीवर तीन-चार आठवडे गेले तरी हरकत नाही. भिंतीवरून थेट जमिनीवर उडी मारणाऱ्या उत्साही मंडळींत पुरुष जास्त, हे माझं निरीक्षण.

मनगट दुखत असेल तर बोटं पसरून दाब बोटांच्या मुळाशी आणा, तळव्याच्या टाचेवर नको. तरी दुखलं तर मूठ वळून करा, किंवा ओट्याच्या गोल कडेला धरून. दिवसभर स्कूटरचा अ‍ॅक्सिलरेटर पिळणाऱ्यांची मनगटं आधीच वैतागलेली असतात.

पाठ, नितंब, तोल

यांवर फार लिहायला नको, ही आसनं बहुतेकांना माहीत आहेत. फक्त वेग बदला.

सेतुबंधासन : पाठीवर झोपून गुडघे वाकवा, टाचा गुडघ्यांच्या खाली, तीन आकड्यांत कंबर वर, पाच श्वास थांबा, पाच आकड्यांत एकेक मणका टेकत खाली. मांडीच्या मागे गोळा येत असेल तर टाचा जवळ घ्या. दोन्ही पायांवर दहा वेळा सोपं वाटू लागलं की वर गेल्यावर एक पाय किंचित उचला.

शलभासन : पोटावर झोपून छाती आणि पाय फक्त वीतभर उचला. मान वर ताणू नका, नजर जमिनीवर. पाच श्वास, तीन वेळा. लावणीच्या दिवसांत शेतात वाकणारे आणि ऑफिसात लॅपटॉपवर वाकणारे, दोघांच्याही पाठीला हे हवं.

वीरभद्रासन दोन : पुढचा गुडघा वाकवताना पाच आकडे, थांबणं पाच श्वास, परत येताना श्वास सोडत. मागच्या पायाची बाहेरची कड जमिनीला घट्ट. वृक्षासन भिंतीशेजारी. तळपाय पोटरीवर किंवा मांडीवर, गुडघ्यावर नाही.

आधार लागतो म्हणून कोणी ओशाळू नये. दोरी, ठोकळा, खुर्ची घेऊन आसनं शिकवायची पद्धत पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी घडवली आणि जगभर नेली. आधार घेतला की स्नायूवर आवश्यक तेवढाच भार नेमका टाकता येतो. लाकडी ठोकळा नसेल तर जाड पुस्तकं दोरीनं बांधून घ्या.

आसनांत नसलेली गोष्ट : ओढणं

हे योगशिक्षक सहसा सांगत नाहीत. आसनांत हातांनी ढकलणं भरपूर आहे, पण स्वतःकडे ओढणं जवळजवळ नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं फक्त आसनं करणाऱ्यांची छाती आणि खांद्यांचा पुढचा भाग राबतो, पाठीचा वरचा भाग मागे राहतो. पूर्वी विहिरीवर रहाटाचं पाणी ओढताना ही उणीव रोज भरून निघे. आता पंप आहे, आणि तो असावाच.

उपाय स्वस्त आहे. झाकणाचा, मुठीचा पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन हवं तसं मोजून वाढवता येतं. डावा हात खुर्चीच्या बैठकीवर टेका, पाठ सरळ ठेवून पुढे वाका, उजव्या हातानं डबा कमरेच्या बाजूला ओढा. श्वास सोडत वर, तीन आकड्यांत खाली. दहा वेळा, मग दुसरी बाजू. दोन लिटरपासून सुरुवात करा.

तोच डबा उचलण्याचा सराव करायला वापरा. अर्ध उत्तानासनासारखं, पण गुडघे सैल : नितंब मागे ढकला, पाठ लांब ठेवा, डबा पायांच्या जवळून सरकवत खाली न्या, टाचा जमिनीत दाबत वर या. कणगीतल्या तांदळाची पिशवी, गॅसचा सिलिंडर, नातू, सगळं याच रीतीनं उचलायचं असतं. कंबर धरते ती बहुधा वजनामुळे नाही. कमरेनं वाकून, अंग पिळत, घाईत उचलल्यामुळे.

शेवटी दोन्ही हातांत डबे घेऊन अंगणात चाला. खांदे मागे, पावलं लहान. पकड, खांदे, पोट, सगळ्यांना एकदम काम मिळतं. शेजारी विचारतील नळाला पाणी नाही का. विचारू देत.

किती करायचं, कसं वाढवायचं

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एकेक दिवस सोडून, तीस-पस्तीस मिनिटं. सोमवार, बुधवार, शनिवार, किंवा तुमच्या सोयीचे. उरलेल्या दिवशी चाला, प्राणायाम करा, काहीच केलं नाही तरी चालेल. रोज एक तास करेन असा संकल्प करणाऱ्यापेक्षा तीन दिवस अर्धा तास करणारा सहा महिन्यांनी चटईवर दिसायची शक्यता जास्त असते.

प्रत्येक दिवशी क्रम असा : पाच मिनिटं मार्जारासन आणि हात-खांदे फिरवून अंग गरम करणं. बसणं-उठणं. हातांवर उतरणं. डबा ओढणं. सेतुबंध किंवा शलभ, आलटून पालटून. डबा उचलणं. वीरभद्र, वृक्ष. पाच मिनिटं शवासन. जड गोष्टी आधी, तोलाची नंतर. पण ज्यांचा तोल फारच कच्चा आहे त्यांनी वृक्षासन सुरुवातीलाच घ्यावं, पाय थकलेले नसताना.

फेरी कुठे थांबवायची? आणखी दोन वेळा नीट झालं असतं असं वाटतं तिथे. पार गळेपर्यंत करायचं नाही, आणि दहा वेळा उरलेली असताना थांबायचंही नाही. वाढवताना दोन आठवड्यांतून एकदा, आणि एकच गोष्ट : आधी संख्या आठवरून बारा, मग उतरायचा वेळ पाच आकड्यांवरून आठ, मग खोली किंवा वजन. वजन वाढवलंत की संख्या पुन्हा आठवर आणा. चौथ्या आठवड्यात सगळं निम्मं करा. हा आठवडा आळसाचा वाटतो, पण तो वगळू नका.

पहिल्या सहा-आठ आठवड्यांत ताकद झपाट्यानं वाढल्यासारखी वाटते. त्यातली बरीचशी नसा आणि मेंदूच्या शिकण्यामुळे असते. स्नायू वापरायला शरीर शिकतं. स्नायू भरायला त्याहून वेळ लागतो, आणि त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडऱ्यांना आणखी जास्त. सहाव्या आठवड्याला आपण जोरात आहोत असं वाटून दुप्पट भार घेतला की खांदा किंवा टाच धरते, ती या तफावतीमुळे. तेव्हा वेग वहीप्रमाणे ठेवा, उत्साहाप्रमाणे नको.

सूर्यनमस्काराचं काय?

चालू ठेवा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्काराचा इतका प्रचार केला की मराठी घरांत व्यायाम म्हणजे नमस्कार असं समीकरणच झालं. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये कैवल्यधाम स्थापन करून आसनांचे शरीरावरचे परिणाम प्रयोगशाळेत मोजायला घेतले, तोही साधारण त्याच काळातला उद्योग. भरभर घातलेले नमस्कार हृदयाला आणि दमाला चांगले. ताकदीसाठी मात्र चार-पाचच घाला आणि एकेक दीड-दोन मिनिटांचा करा. दंडाच्या स्थितीत तीन श्वास, साष्टांगात उतरताना पाच आकडे, पाय मागे-पुढे टाकताना आवाज न होता. पाऊल आपटल्याचा आवाज आला तर पोट सुटलं असं समजा. लादीच्या घरात खालच्या मजल्यावरचे तुम्हाला सांगतीलच.

पाऊस, उकाडा, वाळू

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. फिरणं बंद, ग्राउंड बंद, त्यामुळे व्यायामाचा हिशेब दरवर्षी इथेच फिसकटतो. म्हणून मी सुरुवातच जूनमध्ये करायला सांगते. वरचा सगळा क्रम दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेत बसतो, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापासून मोजलेले बारा आठवडे साधारण चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आसपास संपतात. फुगडीला पाय तयार असतात, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला हात वर धरवतात.

पावसात लादीला ओल सुटते. चटई पसरण्याआधी जमीन कोरड्या फडक्यानं पुसा आणि उभ्यानं करायची आसनं अनवाणीच करा, मोजे नकोत. चटई गुंडाळून कपाटात कोंबली की आठवड्यात बुरशी धरते. दोरीवर, पंख्याखाली लटकवून ठेवा, आणि जाड फोमच्या चटईपेक्षा धुता येईल अशी सुती सतरंजी, खाली रबरी जाळी, हे आपल्या हवेला बरं.

एप्रिल-मेमध्ये दमटपणामुळे घाम सुकत नाही आणि अंग थंड होत नाही. सकाळी सातच्या आत आटपा. आधी वाटीभर पेज, मीठ घातलेली. नंतर आमसुलाचं सरबत. गरगरलं तर बसा. घाम जास्त आला म्हणजे व्यायाम जास्त झाला असं नसतं, मेमध्ये तर मुळीच नाही.

आणि वाळू. हरमल, मांद्रे, आश्वे या पट्ट्यात नोव्हेंबर ते मार्च समुद्राकाठी आसनं करणाऱ्यांचे फोटो सगळीकडे असतात, त्यामुळे आपल्यालाही तसंच करावंसं वाटतं. मऊ वाळूत तळव्याची टाच रुतते आणि मनगट नेहमीपेक्षा जास्त मागे वळतं. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून एक पाय कायम खाली. मऊ वाळूवर शवासन करा, तोलाचा खेळ म्हणून वृक्षासन करा. हातांवर उतरायचं असेल तर ओहोटीची घट्ट ओली वाळू शोधा, नाहीतर घरी या.

ताटात काय

व्यायाम नेटानं केला आणि प्रथिनं कमी पडली तर मेहनत अर्धी वाया. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीत प्रौढांना दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांना आणि वय झालेल्यांना याहून थोडी जास्त लागतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांनी सांगितलेलाच आकडा धरा.

मासळी खाणाऱ्या घरात हे अवघड नाही. शंभर ग्रॅम बांगड्यात साधारण १९-२० ग्रॅम प्रथिनं असतात. गोची होते ती पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी, मासळी महाग. पुढे श्रावण, मग चवथ. म्हणजे जूनमध्ये व्यायाम सुरू करा असं मी सांगते आणि नेमकी तेव्हाच ताटातली प्रथिनं घटतात. शीत (भात)-आमटी आणि लोणच्यावर जेवण भागतं, पोट भरतं, स्नायूला काही पोचत नाही.

तेव्हा अळसांदे, म्हणजे आपल्याकडची चवळी. सुके अळसांदे किंवा मूग ५० ग्रॅम घेतले तर साधारण १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. अळसांद्यांचं तोणाक (वाटणाची रस्साभाजी), मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची आमटी), वाटाण्याची उसळ, यांपैकी काहीतरी रोज, आणि वाटी लहान नको. चालत असेल तर एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम. दह्याची वाटी, दुधाचा पेला, नाचणीची भाकरी. सुकी मासळी, गालमो (सुकवलेली बारीक कोळंबी) हेही चांगले, पण त्यांत मीठ फार. रक्तदाबवाल्यांनी भिजवून, धुऊन, थोडीच घ्यावी. एकाच जेवणात सगळं कोंबण्यापेक्षा तिन्ही वेळच्या खाण्यात वाटून घ्या. सकाळी नुसता पाव आणि चहा घेणाऱ्यांनी बदल तिथूनच सुरू करावा : पावाबरोबर पातळ भाजी घ्यायची तर ती वाटाण्याची किंवा अळसांद्यांची.

खंड पडला तर

पडणारच. लग्न, ताप, पाहुणे, चवथ. आठवडा गेला तर जिथे होता तिथूनच सुरू करा, ताकद तेवढ्यात जात नाही. दोन-तीन आठवडे गेले तर प्रत्येक गोष्टीत एक पायरी मागे : सोप्यावरून ओट्यावर, चार लिटरवरून तीनवर. महिन्याच्या पुढे गेला, किंवा डेंग्यूसारख्या तापातून उठला असाल, तर डॉक्टरांनी हो म्हटल्यावर निम्म्यापासून, आणि पहिले दोन आठवडे एकच फेरी. पहिल्यांदा जी ताकद यायला तीन महिने लागले ती परत यायला सहसा त्याहून कमी वेळ लागतो.

बारा आठवड्यांची चाचणी चवथीच्या धांदलीत घेऊ नका. जागरणं, मोदक-नेवऱ्या आणि पाहुण्यांची उठबस यांनंतर आकडे खोटेच येतील. गणपती पोचवून झाल्यावर चार रात्री नीट झोपा, मग त्याच खुर्चीवर, त्याच वेळेला, त्याच चार चाचण्या घ्या. खुर्चीचा आकडा वाढला पण जमिनीवरून उठताना अजून दोन हात लागत असतील, तर पुढचे बारा आठवडे स्टूल सोडून पाटावर या. टेबलाचा वेळ वाढला नसेल तर हातांची पायरी बदलू नका, फक्त उतरायचे आकडे पाचाचे आठ करा.